लेकाचा फोन

“गप्प राहिलात, तर पोरगा जिवंत राहील.” जिना उतरता उतरता मागे वळून, लेकाला धरून नेणाऱ्यांतला एकजण मायेनं बोलल्यासारखं बोलला होता. वर्षं लोटली, तरी आईच्या कानात तो आवाज तापल्या शिशासारखा होता.

म्हणून ती गप्प राहिली. नुसती गप्प राहती तरी बरं. कुणी विचारलं की सांगायची, लेकाला परदेशात नोकरी लागली. नोकरीमागून पगार आला, पगारामागून तिकडची थंडी आली, थंडीसाठी तिनं गॅलरीत बसून, चारचौघांदेखत स्वेटर विणला.

आज समोर मानवी हक्क संघटनेची तपासनीस बसली होती. चहावर साय धरली होती. खाली गाडी थांबली की आईचा श्वास थांबे. एका सुटून आलेल्या कैद्यानं गेल्याच महिन्यात लेकाला कोठडीत जिवंत पाहिलं होतं. संघटनेनं सरकारला जाब विचारला. उत्तर आलं, तो तर परदेशात आहे, त्याच्या आईलाच विचारा.



तपासनीस समजावत राहिली. ज्यांची नावं जगभर गाजली, त्यांना सरकारला कोर्टापुढे आणावं लागलं. ज्यांचं नाव कुणी घेतलं नाही, त्यांचा ठावठिकाणा नाही. पण नाव जाहीर करायला घरच्यांचा होकार लागतो. आणि त्याला नेताना पाहिलेलं घराबाहेरचं एक तरी माणूस.

असं कुणीच नव्हतं. भरदुपार होती, सगळी दारं बंद होती. आणि होकार? तो ओठांशी येऊन परत फिरत होता. नाव घेतलं आणि त्यांनी त्याचं काही बरंवाईट केलं तर?

तेवढ्यात समोरच्या काकू नेहमीसारख्या दार ढकलून आत आल्या. नेहमीचीच चौकशी: लेकाचा फोन आला का? तिकडची सून आणली तर तिच्याशी भांडणार कुठल्या भाषेत?

आईनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“फोन येत नाही, काकू. तो गेलाच नाही कुठे. धरून नेलंय त्याला.”

काकूंचं हसू विझलं. त्यांनी जिन्यात डोकावून पाहिलं, दार लावलं, कडी घातली आणि तपासनीस बाईंच्या शेजारी येऊन बसल्या.

“ठाऊक आहे गं मला. दाराच्या फटीतून बघत होते. चौघं होते. तू परदेश म्हणालीस, आणि मी सुटले.” त्यांचा आवाज फाटला. “एक चप्पल जिन्यातच राहिली होती त्याची. माझ्याकडे आहे ती.”