बिनपगारी सरपंच

"गावाची सेवा करायची तर घरचं खाऊन करावी," मेल्क फुरर माईकवर बोलत होता. "पगार घेऊन करतात तिला नोकरी म्हणतात."

रविवारची प्रार्थना आटोपून सगळा गाव चर्चसमोरच्या चौकात उभा होता. दर मे महिन्यात गावसभा अशीच उघड्यावर भरते आणि हात वर करून निकाल लागतो. मेल्कचा ठराव साधा होता. सरपंचाचा पगार बंद, प्रवासखर्च बंद, खाली खोऱ्यात बैठकीला गेल्यावरचं जेवणही बंद. आजपासूनच.

सरपंच आगाथा वाल्कर शेजारीच हात बांधून उभ्या होत्या. त्यांच्याकडे न बघता मेल्कने पुढचा टोला हाणला. बाईंना हल्ली शेणाचा वास सोसत नाही, गावाच्या जिवावर गोठ्यात गडी ठेवलाय आणि स्वतः पर्स लटकवून हिंडतात, असं तो म्हणाला. लोक हसले. तो गडी म्हणजे मेल्कचाच मेहुणा, तोबी. तो मागे पाणवठ्याच्या कट्ट्यावर बसला होता. तो हसला नाही.

आगाथाबाई पगाराचं काय करतात हे कुणी विचारलं असतं, तर त्यांनी सांगितलंही असतं. पण आमच्याकडे माणसाला तोंडावर पैशाचं विचारत नाहीत. पाठीमागे मात्र वर्षभर बोलतात.

"मला एकच सांगायचंय," आगाथाबाई म्हणाल्या. "हा ठराव माझ्यासाठी नाही, पुढच्या माणसासाठी आहे. त्याचा विचार करून हात वर करा."

"पुढचा माणूस त्याचं तो बघून घेईल," मेल्क म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

ठराव मंजूर झाला. खुद्द मेल्कलाही एवढी आशा नव्हती. पण यंदा त्याचे ग्रहच उच्चीचे होते. गावाच्या मालकीचं वरचं कुरण दर उन्हाळ्यात चिठ्ठी काढून एकालाच मिळतं, आणि या वर्षीची चिठ्ठी त्याच्या नावाने निघाली होती. त्याचा बाप त्या कुरणाची वाट बघता बघता गेला. जूनमध्ये मेल्क गाई घेऊन वर चढणार होता, सप्टेंबरपर्यंत तिथेच राहून चीज करणार होता. बायकोने, टेरेसने, त्यासाठी तांब्याची मोठी कढई घासून लखलखीत करून ठेवली होती.

आगाथाबाईंनी पुन्हा माईक घेतला. आपल्याला फेब्रुवारीत पासष्ट पूर्ण झाली, मुदतही आज संपते, तेव्हा आता मोकळं करा, एवढंच त्या म्हणाल्या.

हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. लोकांना पगार थांबवायचा होता, आगाथाबाईंना नव्हे.

आमच्या गावात सरपंचकीला कुणी उभं राहत नाही. गर्दीतून नाव पुकारतात, आणि ज्याच्यासाठी हात वर होतात त्याला नाही म्हणता येत नाही. अंथरुणाला खिळलेला नको, पासष्टीपुढचा नको, बाकी कुणालाही सूट नाही. कायदाच तसा आहे. तासाभरापूर्वी एकदोघांनी हे ओझं आनंदाने उचललं असतं. आता जो तो स्वतःचे बूट न्याहाळत होता. लष्कराच्या भाकऱ्या कोण भाजणार?

"मेल्क फुरर," मागून आवाज आला. तो तोबीचा होता.

मेल्क हसला. मग आपण एकटेच हसतोय हे त्याच्या लक्षात आलं. भराभर हात वर जात होते. मघाशी ज्यांनी ठरावाला विरोध केला होता त्यांचेही. आपली सुटका झाली म्हणून लोकांना इतकं बरं वाटत होतं की दोन हात वर करता आले असते तर त्यांनी तेही केले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"अहो, मी कुरणावर चाललोय," मेल्क म्हणाला. माईक चालूच होता. त्याचा चिरकलेला आवाज चौकभर घुमला. ग्रामसेवकाने शांतपणे कायद्याचं कलम वाचून दाखवलं. सरपंचाने दर आठवड्याला कचेरीत बसायचं असतं.

आगाथाबाईंनी कचेरीच्या किल्ल्या त्याच्या हातात ठेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना मजा. मेल्कने हळू आवाजात विचारलं, "घरचा गोठा सांभाळून तुम्ही हे सगळं जमवलंत कसं?"

"मी कुठे जमवलं? तोबीने जमवलं," त्या म्हणाल्या. "माझा पगार आला की सगळाच्या सगळा त्याला देत होते. आता उद्यापासून धार काढायला मीच बसेन."

मेल्क हबकला. तोबी रोज पहाटे त्या गोठ्याकडे जाताना त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि रोज त्याला आगाथाबाईंचा तोराच दिसला होता. किल्ल्या मुठीत धरून तो पाणवठ्याकडे निघाला. लोक बाजूला होत गेले.

"तोबी," तो म्हणाला. "माझ्या गाई घेऊन कुरणावर जाशील? सप्टेंबरपर्यंत?"

तोबीने डोंगराकडे पाहिलं. वरचा बर्फ वितळून कुरण हिरवं व्हायला लागलं होतं.

"जातो की, दाजी," तो म्हणाला. "पगार काय द्याल?"