नवाकोरा

"घ्या काका, नवाकोरा करून दिलाय," दुकानदार म्हणाला आणि त्याने लॅपटॉप उघडून रंगाऱ्यापुढे सरकवला.

पडदा निळाशार होता, त्यावर काडीचा पसारा नाही. रंगाऱ्याला बरं वाटलं. भिंत असो की यंत्र, स्वच्छ दिसलं की त्याचा जीव निवायचा. शेजारच्या स्टुलावर त्याची बायको बसली होती, गळ्याभोवती सुती रुमाल सैल बांधलेला. तिने कोपराने नवऱ्याला ढोसलं आणि बोट स्वतःच्या कानाला लावलं.

"हिचं बोलणं लावून दाखवा जरा," रंगारी म्हणाला. "घरी आम्ही दोघंही या कामात अडाणी."

"कसलं बोलणं?"

रंगारी कौतुकाने सांगू लागला. बायकोच्या गळ्यातली गाठ काढायची तर आवाजाची पेटीच काढावी लागेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. लॅपटॉप तेव्हा मुलाने नुकताच पाठवलेला. कुठलं बटण दाबायचं ते तिने त्याला फोनवर विचारून घेतलं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ही बया दार लावून दुपारभर त्या लॅपटॉपशी बोलत बसली. नवऱ्याला बाहेर बसवलं, का तर तो मध्येच खोकतो. एरवीही तिची टकळी अशी, की रंगाऱ्याच्या घरी रेडिओला सुट्टी, असं शेजारी म्हणत. संध्याकाळी त्याने ऐकू म्हटलं, तर तिने ऐकू दिलं नाही. म्हणाली, आत्ता मी आहे ना बोलायला, माझं तोंड बंद झालं की मग ऐका, तुमच्यासाठीच आहे.

आता टाके निघाले होते. आज तो पहिल्यांदा ऐकणार होता.

दुकानदाराचा हात माउसवर तसाच राहिला.

"काका, तुम्ही तर सगळं काढा म्हणालात."

"कंपनीचं काढा म्हणालो."

मुलानेच बजावलं होतं, की कंपनी नको नको ते भरून पाठवते, तर आधी लॅपटॉप कोरा करून घ्या आणि मगच वापरायला काढा. दवाखान्याच्या धावपळीत ते राहून गेलं. काल रंगाऱ्याने आठवणीने लॅपटॉप इथे आणून दिला, खोक्यासकट. वर आपल्या धंद्यातली अक्कलही शिकवली. आधी खालपर्यंत खरवडा, मगच नवा हात मारा, जुन्यावर नवं चढवलं की टिकत नाही. दुकानदार हसला होता, माझंही तेच मत म्हणाला होता. आत काही ठेवायचंय का, असं त्याने विचारलंही होतं. त्यावर रंगाऱ्याने पडद्यावरचं प्लास्टिक बोटाने वाजवून दाखवलं. नवाच आहे हो, हे बघा, हेसुद्धा काढलेलं नाही. खोटं नव्हतं ते. ओरखडे पडतील म्हणून बायकोच काढू देत नव्हती.

कंपनीचं ते कंपनीचं आणि आपलं ते आपलं, एवढं यंत्राला कळत असेल, असं तो धरून चालला होता. आणि जन्म गेला त्याचा भिंती खरवडण्यात. कुठे पोरांची उंची मोजलेल्या रेघा असत, कुठे कुणी घाईत लिहून ठेवलेला फोन नंबर. खरवडायचा पत्रा फिरला की सगळं एकाच भुकटीत खाली. कुठली रेघ कुणाची, हे पत्रा कधी विचारत नाही. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

"परत येईल ना पण?" त्याने विचारलं.

दुकानदाराने उगीच दोनचार बटणं दाबून पाहिली. मग हात मागे घेतला.

"नाही काका. सगळं पुसून वर नवी सिस्टिम टाकलीय. आता नाही येत."

मुलाला पाठवलं असेल, फोनमध्ये असेल, असं तो एकेक सुचवत गेला. रंगारी प्रत्येक वेळी मान हलवत गेला. तिने कुणालाच पाठवलं नव्हतं.

"मग काकूंना परत एकदा बोलायला..." दुकानदार म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

तिचे कान शाबूत होते. तिने सगळं ऐकलं होतं. रंगाऱ्याची तिच्याकडे बघायची छाती होईना. याहून लहान चुकीलाही तिने त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. त्या सवयीने तो मान खाली घालून थांबला.

शेवटी त्यानेच तोंड वळवलं. शाळेची पायरी ती कधी चढली नव्हती, तेव्हा कागद पुढे करण्यात अर्थ नव्हता.

"काय बोलली होतीस गं?"

तिने स्टूल फिरवून त्याच्यासमोर घेतलं. पदर सारखा केला, आणि ओठ हलू लागले. पहिला शब्द 'अहो' होता, तेवढा त्याला कळला. त्यापुढचं काही कळेना. ती थांबली नाही. मध्ये बोटांवर काहीतरी मोजून दाखवलं, एकदा त्याच्यावर बोट उगारलं, एका ठिकाणी तर तिला हसू आलं. श्वासागणिक गळ्याशी रुमाल हलत होता. रंगारी तिच्या ओठांकडे बघत पुढे पुढे वाकत गेला.

ती बोलतच होती. दुकानदार हळूच उठला आणि त्याने पंखा बंद केला.