मार्ताआजीचा दोरा

मांजराच्या पिल्लानं गिळायच्या आत झोर्नित्सानं त्याच्या दातांतून लाल-पांढरी लोकर सोडवली आणि उरलेले दोरे डब्यात घालून झाकण घट्ट लावलं. एक मार्चची सकाळ होती. घरातल्या प्रत्येक कोवळ्या जिवाला आज हा पिळाचा दोरा बांधायचा, नाहीतर मार्च महिन्याची ती लहरी मार्ताआजी कोपते, असं सगळं गाव मानायचं.

"याच्या गळ्यात दोरा बांधायचा नाही," तिनं सासूला सांगून टाकलं.

"अगं, आम्ही कोकरांना बांधतो, वासरांना बांधतो, दारातल्या सफरचंदाला बांधतो! तुझं मांजर काय आभाळातून पडलंय?"

"सफरचंद दोरा खात नाही, आई. हे खाईल. दोऱ्यानं आतडं कापलं, तर मार्ताआजी येणार आहे का शिवायला?"

"हळू बोल, ऐकेल ती!"

"ऐकू दे. याचा दोरा माझ्या हाताला बांधा. काय राग काढायचा तो माझ्यावर काढ म्हणावं."

स्तोयनाबाईंनी पुटपुटत सुनेच्या मनगटाला दोन दोरे बांधले, एक तिचा आणि एक पिल्लाचा. मग नातवासाठी पिळलेला इवलासा दोरा घेऊन त्या पाळण्याशी गेल्या. बाळ आपली अख्खी मूठ तोंडात कोंबून मजेत चोखत होतं. त्यांनी पुढे केलेला दोरा मागे घेतला. मग मागे वळून त्यांनी स्वतःचा हात सुनेपुढे धरला.

"मनगटाला पुरायचा नाही. करंगळीला बांध, आणि घट्ट बांध. याच्या वाटचं भांडण म्हातारीनं माझ्याशी करावं."