नाव कमी करण्याचे कारण

"नाव कटलं पायजे. आजच," म्हणत आवडाबाईनं रेशनकार्ड टेबलावर ठेवलं आणि ती स्टुलावर जपून बसली. उजवा हात तिनं पदरात गुंडाळून घेतला होता.

मानोऱ्याच्या सेतू केंद्रातल्या नमननं संगणकावरून मान वर केली. "कारण काय लिवू? मृत्यू, विवाह का स्थलांतर?" सरकारला माणसाच्या आयुष्यातल्या एवढ्या तीनच घटना ठाऊक आहेत.

"लग्न."

"माय, घरी चाल," तिचा पोरगा आदर्श मागून दातओठ खात म्हणाला. "गावात तोंड दाखवाची सोय नाई राह्यली."

"तुले तोंड दाखवाले कोन बलावून राह्यलं?"

नमननं दाराकडं पाहिलं. आदर्शची बहीण अंजू पेढ्यांचा पुडा घेऊन उभी होती, हातावर ताजी मेंदी. प्रकरण त्याच्या लक्षात आलं. असली आठवड्याला दोन येतात.

"एवढी घाई काहून, काकू?"

"बेस्तरवारी वाशीमले आपरेशन हाय. पोटातली गाठ. सरकारी इमा या कार्डावरच भेटते, अन् कार्ड यानं तीन मयने दडवून ठेवलं. आज मंजूनं, याच्याच बायकोनं, काढून देल्लं. इथलं नाव कटलं का तिकडच्या कार्डावर चढते, मंग याले दडवता नाई येत."

"आपरेशनले म्या कवा नाई म्हनलं?" आदर्श उसळला. "त्या वांगेवाल्याले सोडा म्हना, उद्या नेतो."

"आयकलं? गाठ पोटात, अन् दुखून राह्यलं याले."

नमननं आवाज खाली आणला. "मुलगी सज्ञान हाय नं? राजीखुशीनं केलं नं?"

"कवाचीच सज्ञान हाय. कोनाले इचारलं बी नाई."

"अन् मुलगा?"

"इंझोरीले मळा हाय. वांगे, टमाटे. माल सोता बाजारात नेते."

आदर्शनं शेवटचा डाव टाकला. "बापामागं घरातला कर्ता म्या हाय. माह्या सहीबिगर नाव कसं कटते, पायतोच."

नमननं कार्ड उघडलं. कार्डावर प्रमुख म्हणून घरातल्या थोरल्या बाईचं नाव असतं, ही गोष्ट कर्ते पुरुष सोयीनं विसरतात.

"कुटुंबप्रमुख, आवडाबाई. अंगठा त्यायचाच लागते."

नमनला उगाच पुण्य केल्यासारखं वाटलं. त्यानं पडद्यावरचा बाण चौथ्या, अंजूच्या नावाशी नेऊन ठेवला.

"हेच नं?"

"चष्मा लाव, बाबू."

आवडाबाईनं उजवा हात पदराबाहेर काढला. हिरवा चुडा किणकिणला आणि तिचं बोट पडद्यावर पहिल्या नावावर, तिच्या स्वतःच्या नावावर, टेकलं.

"अन् आता प्रमुख म्हनून मंजूले घाल. माहा पोरगा अजून लहान हाय."