पन्नासातली तीन

अहिल्याने पुन्हा मोजली. सत्तेचाळीसच. सकाळी तिने स्वतःच्या हाताने पन्नास काडतुसं भरली होती.

जर्मनीत, झिंडेलफिंगेनमधल्या घराच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, ती नेमबाजीच्या स्पर्धेसाठी काडतुसं भरायची. कोर्स, परीक्षा, परवाना, सगळं रीतसर. पुंगळीच्या बुडात प्रायमर, म्हणजे ठिणगी पाडणारी टोपी, दाबून बसवायचा, मग दारू, मग गोळी. प्रायमर बुडाच्या किंचित आत जायला हवा. वर राहिला तर रिव्हॉल्व्हर अडकतं, नशीब फुटकं असेल तर बार भलत्या वेळी उडतो. तीन वर्षांत आपलं एकही काडतूस फसलं नाही, हे ती चारचौघांत मिरवायची.

आज ऑफिसचा फोन आला आणि ती काडतुसांचं कपाट उघडं टाकून वर गेली. दहाच मिनिटं. तेवढ्यात नवऱ्याच्या, शिरीषच्या, ऊर्मिलाआत्या हळदकुंकवाचं ताट घेऊन खाली उतरल्या. खंडेनवमी होती, घरातल्या हत्यारांची पूजा करायची होती.

आत्या पुण्याहून येऊन चार दिवस झाले होते. अहिल्याने त्यांना लग्नानंतर प्रथमच पाहिलं. केलरमधलं काडतुसं भरायचं टेबल दाखवलं तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली होती. शिरीषने बजावलं होतं, आत्याशी वाद घालू नकोस, हरशील.

काडतुसं हरवली तर आम्टमध्ये, परवाना देणाऱ्या सरकारी कचेरीत, कळवावं लागणार, आणि परवाना गेलाच. उद्याची निवड स्पर्धाही गेली. तिने देवापुढचं ताट पाहिलं, कचऱ्याचा डबा उपसला आणि तडक आत्यांपुढे जाऊन उभी राहिली. त्या शेवंतीचा हार ओवत होत्या.

"आत्या, तुम्ही माझ्या काडतुसांना हात लावलात?"

"लावला."

अहिल्याचा तोल सुटला. हा पोरखेळ नाही, माझा परवाना जाईल, ती म्हणाली. तुम्हाला माझा छंद आवडत नाही, ते पहिल्या दिवशीच दिसलं मला.

आत्यांनी सुई खाली ठेवली. शेजारच्या कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत तीन काडतुसं होती, प्रत्येक वेगळ्या कापडात गुंडाळलेलं.

"तुझा फोन चालला होता, म्हणून बाजूला ठेवली," त्या म्हणाल्या. "तिन्हींचे प्रायमर वर राहिलेत. बोट फिरवून बघ."

अहिल्याने बोट फिरवलं. तिन्ही वेळा ते अडलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"अगं, दारूगोळा कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होते मी."