जावयाचं तोंड

मुलीनं हट्टानं वेल्डरशी लग्न केलं, तेव्हा सासूबाईंनी शपथ घेतली, "या माणसाचं तोंड बघणार नाही." तेव्हापासून जावई समोर आला की त्या भिंतीकडे वळायच्या.

ग्रहणाच्या दिवशी सगळं घर गच्चीवर जमलं आणि जावई वेल्डिंगचं हेल्मेट घालून वर आला. काळ्या काचेमागे तोंड औषधालाही दिसत नव्हतं. सासूबाई वळता वळता थांबल्या.

"कसा दिसतोय सूर्य?"

त्याला कानांवर विश्वास बसेना. "मला विचारताय, आई?"

"हेल्मेटाला विचारतेय."

"कुरतडलेल्या बिस्किटासारखा दिसतोय."

मग सासूबाईंची गाडी जी सुटली, ती थांबेचना. कमरेचं दुखणं, वर्कशॉपचं छप्पर, मुलीचा तिरसट स्वभाव, सगळं झालं. ग्रहण सुटलं, माणसं खाली उतरली, तरी तो भर उन्हात घाम गाळत उभाच. हेल्मेट काढलं की बोलणं तुटणार, एवढं त्याला कळत होतं.

जेवायलाही तो तसाच बसला. घास काही तोंडापर्यंत पोचेना.

"आई, आता हा जेवणार कसा?" बायको म्हणाली.

सासूबाईंनी विचार केला. "जावईबापू, पाठ करून बसा आणि ते इकडे द्या."

त्यानं पाठ फिरवून हेल्मेट मागे सरकवलं. सासूबाईंनी ते स्वतःच्या डोक्यात घातलं.

"आता वळा आणि पोटभर जेवा," काचेमागून आवाज आला. "फक्त माझ्या ताटात कुठे काय वाढलंय, तेवढं सांगत राहा."