आडवा हात

नव्या रेस्टॉरंटचं मेनूकार्ड बघून सावदेकर चमकलेच. पिठलं-भाकरी दोनशे ऐंशी! याच जागी पूर्वी काकूंची खाणावळ होती आणि बिनलग्नाच्या सावदेकरांची उभी हयात तिथल्या पिठल्यावर गेली होती.

“आई गेल्यावर सगळं नवीन केलं, काका,” काकूंचा मुलगा गल्ल्यावरून म्हणाला. “भाव जरा जास्त वाटतील.”

“वाटू देत. चव तिची ठेवलीस ना, झालं.”

चव तीच होती. भाकरी संपताच वेटरनं अदबीनं विचारलं, “अजून एक आणू, सर?”

“छे, छे, पुरे!” म्हणत सावदेकरांनी सवयीनं ताटावर हात आडवा धरला. हा हात काकू रोज झटकून टाकायच्या आणि “मुकाट्यानं खा” म्हणत दुसरी भाकरी वाढायच्या.

“ओके, सर.” वेटरनं ताट उचलून नेलं.

सावदेकरांचा हात रिकाम्या टेबलावर तसाच आडवा राहिला.